सोयाबीनचं स्टेटस आणि एक जवान

नोव्हेंबर २०२४ ची गोष्ट. विधानसभेचा प्रचार ऐन भरात होता आणि आपल्याकडे घराघरात एकच विषय होता, सोयाबीन. हमीभाव ४८९२ रुपये क्विंटल आणि बाजारात भाव त्याच्या खाली. आमच्या नांदगाव पेठचा एक जवान सुटीवर आला होता. टोल नाक्याजवळच्या टपरीवर चहा पिताना भेटला. वडिलांसोबत अमरावतीच्या बाजार समितीत माल देऊन नुकताच परतला होता आणि चांगलाच तापलेला होता.

"दादा, तुमी लिहा ना पेपरात. माह्या बापाचा लावलेला खर्च बी निंगाला नाही."

मी म्हणालो, "मी लिहितोच रे. तू पण लिही ना. लोकशाही आहे बाबा."

त्या दिवशी माझं डोकं कुठं होतं कोण जाणे. त्यानं माझं ऐकलं. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला विक्रीच्या पावतीचा फोटो, खाली बापाच्या कष्टाबद्दल दोन ओळी आणि शेवटी, "भाव देईन त्यालेच मत." नावाजवळ वर्दीतला फोटो होताच. दोन तासांत एका उमेदवाराच्या कार्यकर्त्यानं त्याचा स्क्रीनशॉट काढून प्रचाराच्या ग्रुपवर फिरवला, 'आता जवानही आमच्यासोबत' असं वर लिहून आणि बाजूला चिन्ह चिकटवून. उमेदवार कोणत्या बाजूचा ते सांगत नाही. दुसऱ्या बाजूच्या हाती लागलं असतं तर तिनंही हेच केलं असतं.

रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. आवाज कापत होता. "दादा, हे काढाले लावा. माही नोकरी जाईन."

पाच-सहा जणांना फोन करून त्या ग्रुपवरून ते काढायला लावलं. पण तोवर आणखी कुठं कुठं गेलं होतं त्याचा हिशोब कोण ठेवणार? तो परत ड्युटीवर गेल्यावर काय झालं, हे त्यानं मला कधी सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "जाऊ द्या ना दादा." बस.

ते तेव्हापासून मनात रुतून बसलं, म्हणून मी नियम नीट वाचले. वीस वर्षं पत्रकारिता करून झाल्यावर. डिप्लोमाला असताना राज्यघटनेचं कलम १९ आम्हाला तोंडपाठ करून घेतलं होतं. कलम ३३ शिकवलं त्या दिवशी मी बहुतेक गैरहजर असेन. सैन्य दलातल्या लोकांचे मूलभूत हक्क किती मर्यादित करायचे, हे ठरवायचा अधिकार हे कलम संसदेला देतं. त्यावर १९५० च्या आर्मी ॲक्टचं कलम २१ उभं आहे आणि त्याखाली १९५४ चे नियम. नियम २० सांगतो की राजकीय सभेला, मोर्चाला जायचं नाही, पक्षाला वर्गणी द्यायची नाही, उमेदवाराचं काम करायचं नाही, स्वतः उभं राहायचं नाही. नियम २१ सांगतो की राजकीय प्रश्नावर किंवा नोकरीच्या विषयावर परवानगीशिवाय काही छापायचं नाही, पत्रकाराला थेट किंवा आडून सांगायचं नाही. सुटीवर गावात आला म्हणून यातून सुटका नाही. फेसबुक तर २०२० मध्येच ८९ ॲपच्या यादीत टाकून मोबाईलमधून काढायला लावलं होतं.

मत मात्र तो देऊ शकतो. सर्व्हिस व्होटर म्हणून टपालानं. म्हणजे मत द्या, पण कोणाला आणि काहून ते चारचौघांत बोलू नका.

आता माझं म्हणणं. नियम २० मला पटतो. बंदूक हाती असलेल्या माणसानं पक्षाचा झेंडा हाती घेऊ नये. शेजारी पाकिस्तानात १९५८, १९७७ आणि १९९९ मध्ये लष्करानं सत्ता घेतली, आपल्याकडे एकदाही नाही. त्याची कारणं पुष्कळ आहेत, पण आपला फौजी बराकीत पक्षाचं नाव काढत नाही हे त्यातलं एक नक्कीच आहे. गावात वर्दीचं वजन किती असतं हे आपल्याला माहीत आहे. वर्दीतला एक फोटो शंभर भाषणांना भारी पडतो, म्हणूनच तर त्या कार्यकर्त्यानं स्क्रीनशॉट काढला. निवृत्त झाल्यावर खुशाल उभं राहा. माजी सैनिक सरपंच झाला तर मी स्वतः हार घेऊन जाईन.

माझी तक्रार नियम २१ बद्दल आहे. त्यानं 'राजकीय प्रश्न' आणि 'नोकरीचा विषय' एकाच पोत्यात भरले आहेत. पक्षाचा प्रचार आणि ताटातल्या डाळीची तक्रार यांना एकच कुलूप.

मुंबईतलंच बघा. फेब्रुवारी १९४६ मध्ये 'तलवार' या नौदलाच्या तळावरच्या नाविकांनी काम बंद केलं. जेवण निकृष्ट आणि इंग्रज अधिकाऱ्याची शिवीगाळ, या त्यांच्या तक्रारी होत्या. पण त्याआधी त्याच तळाच्या भिंतींवर 'भारत छोडो'च्या घोषणाही रंगवल्या गेल्या होत्या. बघता बघता ते बंड झालं. जेवणाची तक्रार कुठं संपली आणि राजकारण कुठं सुरू झालं, हे आज कोणी रेघ मारून दाखवावं. तक्रार वेळेवर ऐकली नाही की ती राजकारण होते, एवढं मात्र त्यातून दिसतं.

आता ज्या प्रकरणाची मला पत्रकार म्हणून लाज वाटते ते. नाशिकजवळचं देवळाली, फेब्रुवारी २०१७. महिनाभर आधीच सीमा सुरक्षा दलाच्या तेज बहादूर यादव यांचा जेवणाबद्दलचा व्हिडिओ देशभर फिरला होता. (पुढे एप्रिलमध्ये त्यांना बडतर्फ केलं.) त्या वातावरणात 'द क्विंट'च्या पत्रकार पूनम अग्रवाल यांनी देवळालीत छुप्या कॅमेऱ्यानं चित्रण केलं. विषय होता सहायक पद्धत, म्हणजे जवानांना साहेबांच्या घरची कुत्री फिरवायला आणि पोरं शाळेत सोडायला लावणं. विषय खरा होता आणि महत्त्वाचाही. पण बोलणाऱ्यांत केरळचा लान्स नायक रॉय मॅथ्यू होता, आणि आपण कॅमेऱ्यापुढे बोलतोय हे त्याला माहीत नव्हतं. बातमी आल्यानंतर तो बेपत्ता झाला. २ मार्चला तिथल्याच एका पडीक बराकीत त्याचा मृतदेह लटकलेला सापडला.

पुढे पत्रकारावर आणि त्यांना मदत करणाऱ्या एका निवृत्त जवानावर ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट लावला, आत्महत्येला प्रवृत्त केल्याचाही गुन्हा लावला. एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो गुन्हा रद्द केला. ते योग्यच झालं. कुत्रं फिरवायला लावणं हे काही देशाचं गुपित नाही. पण कोर्टातून पत्रकार सुटला म्हणजे पत्रकारितेनं हात झटकायचे का? जवान एक वाक्य बोलतो, आपली बातमी होते, आणि त्याची किंमत त्याच्या एकट्याच्या नावावर पडते. "लोकशाही आहे बाबा" असं टपरीवर म्हणणारा मी काही वेगळं करत नव्हतो.

बरं, जवानाचं तोंड बंद ठेवणारे आपण, त्याच्या नावानं बोलायला किती मोकळे! २०१७ च्याच फेब्रुवारीत झेडपीच्या प्रचारसभेत विधान परिषदेचे आमदार प्रशांत परिचारक सैनिकांच्या बायकांबद्दल जे बोलले ते इथं लिहायची माझी इच्छा नाही. दीड वर्षासाठी निलंबन झालं आणि ते वर्षभरातच मागेही घेतलं. ज्यांच्या घराबद्दल ते बोलले, त्यांना मात्र त्यावर जाहीर उत्तर द्यायला परवानगी लागते.

२०१९ च्या मार्चमध्ये निवडणूक आयोगानं पक्षांना बजावलं होतं की सैनिकांचे फोटो आणि सैन्याच्या कारवाया प्रचारात वापरू नका. ९ एप्रिलला औशाच्या सभेत पंतप्रधानांनी पहिल्यांदा मतदान करणाऱ्यांना विचारलं, तुमचं मत बालाकोटच्या वीरांना, पुलवामाच्या शहिदांना समर्पित होऊ शकतं का. आयोगाला त्यात काही चुकीचं दिसलं नाही. पुलवामात आपल्या बुलढाणा जिल्ह्यानं दोन जवान गमावले होते, मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातले नितीन राठोड. ते कोणत्या पक्षाला मत द्यायचे, हे कोणाला माहीत होतं?

विरोधकांचंही तेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाण्याच्याच पिंपळगाव सराईचा अग्निवीर अक्षय गवते सियाचीनमध्ये गेला. घरात दुखवटा सुरू असताना राहुल गांधींनी पेन्शन नाही म्हणून योजनेवर तोफ डागली, भाजपवाले त्यांच्यावर तुटून पडले, आणि ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान असा हिशोब खुद्द सैन्याला जाहीर करावा लागला. प्रश्न विचारणं चूक नव्हतं. चार वर्षांची नोकरी, पुढे फक्त चौथा हिस्सा कायम, हा विषय आमच्या गावातल्या पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या पोरांच्या पोटाचा आहे. पण त्यावर देशात सगळे बोलले. जो अग्निवीर ती नोकरी करतोय, त्यालाच परवानगी नव्हती.

तक्रारीचा मार्ग नाही असं नाही. आर्मी ॲक्टच्या कलम २६ नुसार जवान वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागू शकतो. जानेवारी २०१७ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख बिपीन रावत यांनी तक्रार पेट्या ठेवायला लावल्या. २००७ च्या कायद्यानं लवादही आला. पण ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच टेबलावरून कागद पुढं जायचा असेल तर किती जण लिहितील? नोकरीच्या तक्रारीला युनिटबाहेरचं स्वतंत्र दार हवं, आणि ते दार ठोठावलं म्हणून शिक्षा नको. ते झालं तर नियम २१ चं ओझं मला एवढं वाटणार नाही. 'भाव देईन त्यालेच मत' हे त्यानं लिहायला नको होतं, हे मी आज मान्य करतो. पण बापाच्या सोयाबीनची पावती दाखवणं हा गुन्हा कसा, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

आता पुन्हा निवडणुका येतील. आपल्या भागातल्या सर्व पक्षांच्या कार्यकर्त्यांना हात जोडून सांगतो, सुटीवर आलेल्या पोराला स्टेजवर बोलावू नका, त्याच्यासोबत सेल्फी टाकू नका, त्याचं स्टेटस फिरवू नका. तुमचं एक पोस्टर होतं, त्याची नोकरी पणाला लागते. आणि माझ्या पत्रकार मित्रांनो, त्याचं नाव, गाव, फोटो, आवाज, काही नको. बापाला विचारा, बाप बोलायला मोकळा आहे.

मी तेच केलं. त्या जवानाच्या वडिलांशी बोलून सोयाबीनवर बातमी केली, मुलाचा उल्लेख न करता. मागच्या सुटीत तो टपरीवर दिसला. चहा पाजला. स्टेटसला हल्ली फक्त पोरीचे फोटो असतात. निघताना म्हणाला, "दादा, बाबाची बातमी वाचली मी. चांगली होती." आणि मग इकडं तिकडं पाहून हळूच, "यंदाच्या भावाचं बी लिहा."