घरचा वैद्य : खरूज आणि गंधक

रात्री अंथरुणात शिरताच खाज सुटते, बोटांच्या बेचक्यांत व कमरेला बारीक पुळ्या दिसतात आणि घरात दोघा-तिघांना एकदमच होते, तेव्हा बहुधा ती खरूज असते. रक्त बिघडल्याने नव्हे, कातडीत बीळ करणाऱ्या सूक्ष्म किड्याने ती होते.

गंधक त्या किड्यावर चालतो. वैद्य कच्चा गंधक तुपात वितळवून दुधात ओततात, तो पोटात देण्यासाठी. खरजेला वरून लावायचे मलमच पुरे. शंभर भागांत पाच ते दहा भाग गंधक असलेले. सलग तीन रात्री मानेपासून तळपायापर्यंत, घरातल्या सर्वांनी एकाच वेळी लावावे. वास येतो, त्याला इलाज नाही! कपडे, पांघरुणे कढत पाण्यात धुऊन उन्हात घाला. त्यानंतरही खाज दोन-तीन आठवडे रेंगाळते. म्हणून पुन्हा पुन्हा चोपडू नका.

द्राक्षावर धुरळायची गंधकाची भुकटी अंगाला नको. बाजारात कुणी रसमाणिक्याची बिनलेबलाची पुडी दिली तर मुळीच घेऊ नका. ते हरताळापासून करतात, म्हणजे त्यात सोमलाचा अंश. तान्ह्या बाळाला आणि गरोदर बाईला डॉक्टरांना दाखवूनच मलम लावा.