विश्लेषण : एअर इंडियाचे विमान उतरले ते इकालुइट, जगासाठी पर्यायी, गावासाठी एकमेव धावपट्टी

दिल्लीहून शिकागोला निघालेले एअर इंडियाचे विमान 15 ऑक्टोबर 2024 रोजी बॉम्बच्या धमकीमुळे कॅनडाच्या उत्तर टोकाकडील इकालुइट येथे उतरवावे लागले. विमानात कर्मचाऱ्यांसह 211 जण होते. अखेर कॅनडाच्या हवाई दलाच्या विमानाने प्रवाशांना शिकागोला पोहोचवले. जेमतेम साडेसात हजार वस्तीच्या गावात एवढे मोठे विमान उतरले कसे?

विमानतळ इतका मोठा का?

दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये अमेरिकेने येथे हवाई तळ उभारला. आजची धावपट्टी सुमारे 2.6 किलोमीटर लांब आणि डांबरी आहे. आसपासच्या बहुतेक वस्त्यांत मात्र खडीच्या आखूड धावपट्ट्या आहेत. त्यामुळे ध्रुवाजवळून जाणाऱ्या मोठ्या विमानांना अडचणीत इकालुइटचा आधार असतो. 2017 मध्ये इंजिन बिघडलेले स्विस कंपनीचे बोइंग 777 येथेच उतरले होते.

गावासाठी महत्त्व काय?

इकालुइट ही नुनावुट प्रदेशाची राजधानी. या प्रदेशातील 25 पैकी एकाही वस्तीला उर्वरित कॅनडाशी जोडणारा रस्ता नाही. समुद्र गोठत असल्याने मालवाहू जहाजे फक्त उन्हाळ्याच्या सुमारास येतात. एरवी दूध, भाजीपाला, औषधे सारे विमानाने येते. गंभीर रुग्णांना दोन हजार किलोमीटरवरील ओटावाला न्यावे लागते. ऑक्टोबर 2021 मध्ये नळाच्या पाण्यात इंधन आढळले, तेव्हा पिण्याचे पाणीही विमानाने आणावे लागले.

धोका कशाचा?

विमानतळाखालची जमीन वर्षभर गोठलेली असते. तिच्यात बर्फाचे थर आहेत. तापमानवाढीने हा बर्फ वितळला की जमीन असमान खचते आणि वरच्या डांबराला भेगा पडतात. काळे डांबर उन्हात तापत असल्याने त्यात भरच पडते. 2017 मध्ये खुल्या झालेल्या नव्या टर्मिनलखाली थर्मोसायफन नळ्या बसवल्या आहेत. त्या हिवाळ्यात जमिनीतील उष्णता विजेशिवाय बाहेर टाकतात. मात्र अडीच किलोमीटरहून लांब धावपट्टी अशी थंड ठेवणे खर्चिक आहे.

पुढे काय?

2019 मध्ये फर्स्ट एअर आणि कॅनेडियन नॉर्थ या प्रदेशातील दोन प्रमुख विमान कंपन्या एकत्र आल्या. स्पर्धा घटल्याने महागड्या भाड्याची तक्रार कायम आहे. त्यात धावपट्टीच्या दुरुस्तीचा प्रश्न. ही धावपट्टी बंद पडली, तर परदेशी विमाने दुसरा मार्ग शोधतील. इकालुइटच्या रुग्णाला तो नाही.