माजघरातून : चिलापीचा आंबट-गोड मासा, फिलिपिन्सच्या रीतीने



उजनीच्या काठावरून, भिगवणच्या बाजूच्या एका गावातून पत्र आले आहे. पत्र लांबलचक आहे आणि थोडे रडवेलेही आहे. लिहिणाऱ्या बाईंचा थोरला मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. नऊ महिने पाण्यावर काढून तो सुट्टीवर घरी आला. जहाजावरचा स्वयंपाकी फिलिपिन्सचा. तो अख्खा मासा तळून त्यावर आंबट-गोड रस्सा ओतून वाढतो, आणि पोराला त्याची चटक लागलेली. "आई, एकदा तसा करून बघ ना," म्हणाला. आईने हौसेने केला. मासा रश्शात विरून गेला, काटे तेवढे हाताला लागले. शिरक्याच्या वासाने घरातली माणसे खोकू लागली. आणि ज्या पितळी पातेल्यात रस्सा केला होता, त्याच्या कडेला हिरवट रंग दिसला म्हणून सगळेच उकिरड्यावर टाकावे लागले. सासूबाई म्हणाल्या, "परक्या मुलखाची थेरं करायची कशाला?" मुलगा काही बोलला नाही, भाकरी-पिठले खाऊन उठला. बाईंना त्याचेच जास्त लागले आहे. हा अंक हाती पडेल तेव्हा त्याच्या सुट्टीचे दोनेक आठवडे उरलेले असतील. "ताई, माझं चुकलं कुठं?" असे त्या विचारतात.

बाई, आधी हे सांगते की टाकून दिलेत ते उत्तम केलेत. पितळेत तांबे असते. कल्हई झिजलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात आंबट शिजवले की तांबे पदार्थात उतरते, आणि ते पोटात गेले तर मळमळ, उलट्या, पोटात कळा. ताक आणि चिंच अशा भांड्यात ठेवू नये हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. शिरका तर चिंचेपेक्षाही तिखट स्वभावाचा. तेव्हा हा रस्सा स्टीलच्या पातेल्यात करावा. ॲल्युमिनियमचेही नको, तेही आंबटाने झिजते आणि रश्शाला धातूची चव येते.

आता सासूबाईंच्या बोलण्याविषयी. फिलिपिन्स हा मुलूख आपल्याला अगदीच परका नाही. भात लावणाऱ्या घरांतल्या जुन्या माणसांना 'आय. आर. आठ' हे भाताचे वाण आठवत असेल. १९६६ साली ते बाहेर आले ते फिलिपिन्समधल्या लॉस बान्योस येथील भात संशोधन संस्थेतून. भात, मासे, नारळ, ऊस आणि केळी यांवर जगणारा तो बेटांचा देश आहे. स्पेनच्या लोकांनी तिथे तीनशेहून अधिक वर्षे, १८९८ पर्यंत, राज्य केले. या माशाचे तिकडचे नाव 'एस्काबेचे', तेही स्पेनचेच. स्पेनमध्ये तळलेला मासा शिरक्यात बुडवून ठेवत आणि थंडच खात, टिकावा म्हणून. हा शब्द स्पेनला अरबांकडून मिळाला आणि अरबांना इराणातून. मुळात त्याचा अर्थ शिरक्यातले कालवण असा. आपला 'शिरका'ही फारसीतूनच आलेला. आले घालणे, साखरेने गोडवा आणणे आणि रस्सा दाट करून गरम वाढणे यात मात्र मनिलात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या चिनी व्यापाऱ्यांच्या स्वयंपाकाचा हात दिसतो. म्हणजे जिथे तो आज घरगुती पदार्थ मानला जातो, तिथेही तो तीन मुलखांतून फिरून आलेला आहे. सासूबाईंना एवढे ऐकवायला हरकत नाही, पण जपून!

तिकडे सणासमारंभाला हा पदार्थ समुद्रातल्या महाग माशाचा करतात. रोजच्या घरात मात्र तो तिलापियाचा होतो, आणि तिलापिया म्हणजेच आपली चिलापी. इथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण आपल्याकडे या माशाचे फार हाल होतात. "चिलापी होय, चिखलाचा वास येतो," म्हणून नाक मुरडतात, आणि पाहुणे आले की दुसरा मासा आणतात.

ही मूळची आफ्रिकेतली. फिलिपिन्समध्ये ती १९५० साली आली, भारतात १९५२ साली. मादी अंडी आणि पिल्ले तोंडात धरून सांभाळते, त्यामुळे पिल्ले वाचतात आणि हा मासा भराभर वाढतो. तिकडेही सुरुवातीला लोक वैतागले. तळ्यात पिल्लांचीच गर्दी व्हायची, मासा खुरटा राहायचा, आणि त्यांच्या आवडत्या 'बांगुस' माशाच्या तळ्यांत तो तणासारखा माजला. मग १९७२ साली तिथे नाईल नदीची मोठी जात आणली. १९८८ पासून तिथल्या संशोधकांनी आफ्रिकेतून निरनिराळे मासे गोळा करून, आपण चांगले बियाणे निवडतो तसे पिढ्यान् पिढ्या निवडून, लवकर वाढणारे वाण तयार केले. त्याला 'गिफ्ट' तिलापिया म्हणतात. ते वाण पुढे भारतातही आले. कोणाच्या मनात शेततळ्यात ते सोडायचे असेल तर मत्स्यविभागाची परवानगी आधी घ्यावी लागते, कारण हा मासा ओढ्या-नदीत सुटला तर तिथल्या आपल्या जुन्या माशांना जगू देत नाही. उजनीत काय झाले ते काठावरच्या लोकांना मी सांगायला नको.

चिखलाचा जो वास म्हणतात, तो खोटा नाही. तळ्यातल्या शेवाळात आणि गाळातल्या सूक्ष्म जंतूंत एक द्रव्य तयार होते आणि ते माशाच्या अंगात भिनते. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो तोही याच द्रव्याचा. मातीला शोभतो, ताटात शोभत नाही, एवढेच. आंबटाने हे द्रव्य मोडते. म्हणून गोड्या पाण्यातल्या माशाला शिरक्याची रीत इतकी मानवते. तुमच्या मुलाने मागितला तो पदार्थ तुमच्या दारातल्या माशासाठीच जणू केलेला आहे.

शिरका म्हणजे दुकानदार ज्याला व्हिनेगर म्हणतो ते. फिलिपिन्समध्ये शिरक्याला 'सुका' म्हणतात. (आपला सुका कोरडा, त्यांचा सुका पातळ!) तो माडाच्या ताडीचा करतात आणि उसाच्या रसाचाही. गोव्यात माडाच्या सुरेचा शिरका करतात, तो त्यांच्या पहिल्या प्रकाराचा सख्खा भाऊ. उत्तरेकडच्या इलोकोस भागात उसाचा रस उकळून मातीच्या रांजणांत आंबवतात. त्याची आधी 'बासी' नावाची दारू होते आणि हवेच्या संगतीने पुढे शिरका होतो. ही बासी शेतकऱ्यांनी घरी करू नये, सरकारी दुकानातूनच विकत घ्यावी असा हुकूम स्पॅनिश सरकारने काढला, तेव्हा १८०७ साली तिथल्या लोकांनी बंड केले. ते सरकारने मोडून काढले. ऊस आपला, रस आपला आणि पैसे मोजायचे दुसऱ्याला, हे दुखणे आपल्या ऊसवाल्यांना समजावून सांगावे लागणार नाही.

तुम्ही दुकानातून बाटली घ्याल तेव्हा ती वाचून घ्या. 'सिंथेटिक' लिहिलेली असेल तर तो शिरका आंबवून केलेला नसतो, आम्लात पाणी घालून केलेला असतो. खाण्यास चालतो, पण त्याचा भपकारा जास्त. उसाचा किंवा जांभळाचा आंबवलेला शिरका मिळाला तर तो घ्यावा. सुट्या बाटलीत मिळणारे कडक ॲसिड मात्र 'पाणी घालून वापरू' म्हणून कधीही घरात आणू नये. त्याने तोंड आणि घसा भाजतो. लिंबाचे काय, असे कोणी विचारील. लिंबू उकळले की कडवट होते. चिंच किंवा आमसूल घातले तर चव चांगलीच येईल, पण ती आपली आमटी होईल. पोराने मागितली ती चव यायची नाही.

आता करायची रीत. पाच-सहा माणसांसाठी अर्ध्या अर्ध्या किलोच्या दोन ताज्या चिलापी घ्या. डोळे चकचकीत, कल्ले लाल, बोटाने दाबले तर मांस परत वर यायला हवे. पाठीवरचे काटे सुईसारखे टोचतात, ते आधी कात्रीने उडवा. खवले, कल्ले, आतडी काढा. पित्ताची पिशवी फुटू देऊ नका, नाहीतर सगळा मासा कडू होतो. पोटाच्या आतून काळा पातळ पापुद्रा असतो, तो मीठ लावून खरवडून काढा. त्याच्यातही उग्र वास असतो आणि पुष्कळ जणी तो तसाच ठेवतात. मग मीठ आणि दोन चमचे शिरका माशाला आतून-बाहेरून चोळून दहा मिनिटे ठेवा आणि धुऊन घ्या.

धुतल्यावर स्वच्छ फडक्याने मासा अगदी कोरडा पुसा. ओला मासा तेलात घातला की तेल अंगावर उडते आणि कातडे कढईला चिकटून फाटते. दोन्ही बाजूंना तीन-तीन तिरक्या चिरा द्या, चमचाभर मीठ लावा. लोखंडी कढईत तेल चांगले तापल्यावर एक एक मासा सोडा आणि मग त्याला छेडू नका. खालची बाजू कडक झाली की तो आपण होऊन सुटतो. मध्यम आचेवर प्रत्येक बाजूला सहा-सात मिनिटे लागतात. तांबूस, कुरकुरीत झाला की काढून पसरट ताटात ठेवा. तुमचा मासा विरला तो इथे चुकल्यामुळे. तुम्ही कच्चाच रश्शात सोडलात, जसा आपण कालवणात सोडतो. यात मासा रश्शात शिजवायचाच नसतो.

रश्शासाठी स्टीलच्या पातेल्यात दोन चमचे तेल घ्या. सात-आठ लसूण पाकळ्या ठेचून, दोन बोटे आल्याच्या काडीसारख्या बारीक चकत्या आणि एक कांदा उभा चिरून परता. कांदा करपवू नका, मऊ झाला की पुरे. मग अर्धी वाटी शिरका आणि एक वाटी पाणी घाला. इथे तिकडच्या बायका एक नियम पाळतात. शिरका घातला की त्याला उकळी फुटून चार मिनिटे होईपर्यंत झाकण ठेवायचे नाही आणि डाव घालून ढवळायचेही नाही. ढवळले तर शिरका कच्चा राहतो, असे त्या म्हणतात. ढवळण्याचे काय ते त्यांना ठाऊक, पण झाकणाचे अगदी खरे आहे. शिरक्याचा भपकारा वाफेबरोबर उडून जातो, झाकण ठेवले तर तो परत आत पडतो. खिडकी-दार उघडे ठेवा आणि त्या वेळी पातेल्यावर वाकू नका. तुमच्या घरातली माणसे खोकली ती याचमुळे.

मग अर्धी वाटी साखर, चवीपुरते मीठ आणि भरडलेली मिरी घाला. तिकडे साखरच वापरतात. नेग्रोस बेट म्हणजे तर त्यांचे उसाचे आगर. आपल्या घरी गूळ आहे तर पिवळसर, स्वच्छ गूळ घालायला हरकत नाही, रंग थोडा काळपट येईल. एक गाजर आणि एक ढोबळी मिरची लांब काड्यांसारखी चिरून त्यात टाका आणि दोनच मिनिटे ठेवा. दाताखाली कुरकुरली पाहिजेत. शेवटी दोन चमचे कॉर्नफ्लॉवर थंड पाण्यात कालवून घाला आणि ढवळा. रस्सा लगेच चकाकतो आणि डावाला धरतो. कॉर्नफ्लॉवर म्हणजे मक्याचे सत्त्व, गिरणीतले मक्याचे पीठ नव्हे. तेही घरात नसेल तर आरारूट चालते. काही भागांत हळद घालतात, घालायची असेल तर चिमूटभर. आपला गरम मसाला मात्र बाजूला ठेवा, आजच्या दिवस.

चव घेऊन बघा. जिभेला आधी गोड लागले आणि मागून आंबट आले की झाले. आंबट पुढे गेले तर चमचाभर साखर, गोड पुढे गेले तर चमचाभर शिरका घालून पुन्हा उकळी आणा. ताटे मांडून माणसे बसली की मगच गरम रस्सा माशावर ओता. आधी ओतून ठेवलात तर कुरकुरीतपणा गेलाच. याच्याबरोबर वाफेचा साधा भात हवा. भाकरी लागते, पण रस्सा खरा भातच पितो. चिलापीला बारीक काटे कमी, तरी लहान मुलांना पाठीकडचा तुकडा आईनेच सोडवून द्यावा.

पत्राच्या शेवटी बाईंनी विचारले आहे की, जाताना डबाभर मासा मुलाबरोबर दिला तर टिकेल का? नाही, बाई. स्पेनमधला तो मासा निखळ शिरक्यात बुडालेला असे. आपल्या रश्शात शिरक्याच्या दुप्पट पाणी आहे. केलेल्या दिवशी खावा. उरला तर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी उकळी आणून संपवावा, आणि प्रवासात तर अजिबात देऊ नये. बरोबर द्यायचेच असेल तर शेंगदाण्याची चटणी द्या. आणि निघायच्या आदल्या दिवशी नव्हे, त्याआधी चार दिवस हा मासा करा, म्हणजे पहिल्यांदा काही कमी-जास्त झाले तर पुन्हा करायला वेळ राहील.