महामार्ग आणि वन्यप्राण्यांची वाट

नागपूरहून शिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ पेंचच्या जंगलातून जातो. तो चौपदरी करताना, न्यायालयीन लढ्यानंतर, महाराष्ट्राच्या हद्दीत वन्यप्राण्यांसाठी पुलांखालून नऊ मार्ग ठेवण्यात आले. त्यांपैकी सर्वांत मोठा सुमारे ७५० मीटर लांबीचा आहे. असा खर्च म्हणजे उधळपट्टी, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांनी त्याला परस्पर उत्तर दिले. वाघासह १८ जातींचे वन्यप्राणी या मार्गांनी ये-जा करीत असल्याचे त्यांत टिपले गेले.

वस्तुतः प्रश्न हिशेबाच्या पद्धतीचा आहे. रस्त्यामुळे वाचणारा वेळ आणि इंधन आपण जमेस धरतो. दुभंगलेले जंगल आणि चाकांखाली मरणारी जनावरे मात्र खर्चाच्या बाजूस कोठेच मांडली जात नाहीत. म्हणून रस्ता स्वस्त भासतो आणि प्राण्यांची वाट महाग. ही वाट मूळ अंदाजपत्रकातच धरली पाहिजे, कारण रस्ता पुरा झाल्यावर ती काढणे अधिकच खर्चाचे ठरते. तिच्यासाठी दर वेळी न्यायालयाची पायरी चढावी लागत असेल, तर आपल्या नियोजनाला अद्याप जमाखर्चच कळलेला नाही, असे म्हणावे लागेल.