हिंदुरावांचा वाडा

निळू फुल्यांचा आवाज आपल्याला हुबेहूब काढता येतो, असं मानणारा निदान एक माणूस दिंडोशीतल्या प्रत्येक सोसायटीत आहे. गणपतीत 'विविध गुणदर्शन' रंगात आलं की तो माजी नगरसेवकाने दिलेला माइक हातात घेतो, मान तिरकी करतो, घसा खरवडतो आणि कुणा बाईला वाड्यावर बोलावतो. टाळ्या ठरलेल्या. यंदा हे काम नऊ-दहा वर्षांच्या एका पोराने केलं. काजळाच्या मिशा, आजोबांचं धोतर. पुढच्या रांगेतल्या आया फोन उंच धरून शूटिंग करत होत्या. वर्षभर हीच नक्कल लग्नाच्या हॉलमध्ये, लोकलमध्ये, मोबाइलवर ऐकत होतो. त्या दिवशी मात्र डोकं फिरलं. वाचकहो, तुम्ही घरचेच. तुमच्यासमोर नाही तर कुणासमोर बोलायचं?

वाड्यावर बोलावण्याचं हे वाक्य निळूभाऊंच्या कुठल्या चित्रपटातलं, असं भेटेल त्याला विचारून पाहिलं. छातीठोक उत्तर एकाकडेही नाही. तेही चालून गेलं असतं. पण बाईला वाड्यावर बोलावतात ते कशासाठी, हे त्या मंडपातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक होतं आणि तरी सगळे हसत होते. निळूभाऊंचा पाटील पडद्यावर आला की गावोगावच्या बायका बोटं मोडायच्या, असं जुनी माणसं सांगतात. त्या बायकांची समज आमच्या टू-बीएचकेपेक्षा मोठी होती.

हा पाटील रंगवणारा माणूस पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत असे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून तो रंगमंचावर आला, 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगनाट्याने नावारूपाला आला आणि १९६८च्या 'एक गाव बारा भानगडी'तल्या झेलेअण्णाने घराघरांत पोचला. पुढे 'पिंजरा', 'सिंहासन', हिंदीत 'सारांश'. 'सारांश'मधला त्यांचा गजानन चित्रे पाहून अमराठी माणसंही चपापली. पण पडद्याइतकाच त्यांचा रंगमंच मोठा होता आणि तिथली त्यांची खरी ओळख म्हणजे १९७२चा 'सखाराम बाइंडर'. विजय तेंडुलकरांचं नाटक, कमलाकर सारंगांचं दिग्दर्शन, समोर लालन सारंगांची चंपा. सेन्सॉरने कात्री उगारली, प्रकरण हायकोर्टात गेलं, सारंग जिंकले. सखाराम शिवराळ आणि हिंस्र, पण निळूभाऊंनी त्याला खलनायक होऊ दिलं नाही. घरात मृदंग वाजवणारा, आपल्या परीने सरळ वागतोय असं समजणारा माणूस त्यांनी उभा केला. म्हणूनच त्याची भीती वाटली. मिशा पिळणाऱ्याची कुणाला वाटते?

आणि 'सामना'. जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट, पटकथा तेंडुलकरांची. १९७५ साली प्रदर्शित झाला, त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात गेला. २०२५मध्ये त्याला पन्नास वर्षं झाली. १९७५च्याच आणीबाणीची पन्नाशी सर्वांनी आपापल्या सोयीने साजरी केली; 'सामना'ची आठवण मोजक्यांनाच झाली. त्यात निळूभाऊ साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील आहेत. त्यांचाही वाडा आहे, पण नकलाकारांनी एकदा नीट पाहावं, हिंदुराव वाड्यावर घेऊन येतात ते एका दारुड्या, फाटक्या मास्तराला. डॉ. श्रीराम लागू. त्याला खाऊपिऊ घालतात, आपलं साम्राज्य दाखवतात, जवळजवळ मित्र करतात. आणि तो मास्तर खाल्ल्या मिठाला न जागता विचारत राहतो, की नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचं काय झालं? निळूभाऊ यात आवाज चढवतात ते क्वचितच. सत्तेला ओरडावं लागत नाही, हे त्यांना नेमकं कळलं होतं. प्रश्न पुन्हा आला की हिंदुरावांच्या डोळ्यांत काही हलतं आणि लगेच स्थिर होतं. नक्कल करायचीच तर ती करून दाखवा.

एवढ्या मोठ्या कारकिर्दीतून आपण वाड्यावरचं आमंत्रण तेवढं उचललं आणि मारुती कांबळेला तिथेच पुरलं. मला हा अपघात वाटत नाही. पहिल्याने करमणूक होते, दुसऱ्याने आपापल्या गावातली, वॉर्डातली, सोसायटीतली नावं आठवू लागतात.

आमच्या उशालाच चित्रनगरी आहे, १९७७पासून. तिथे आजही प्लायवूडचे वाडे उभे राहतात आणि मालिकांमधले पाटील निळूभाऊंच्या उधारीवर जगतात. भुवई त्यांची, घोगरेपणा त्यांचा, मागचा विचार मात्र कुणाचाच नाही. निळूभाऊंपाशी तो होता: ते आणि डॉ. लागू सामाजिक कृतज्ञता निधीसाठी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करत गावोगाव हिंडले, कार्यकर्त्यांच्या मानधनाला पैसा उभा राहावा म्हणून. अंधश्रद्धेच्या विरोधात ते उघडपणे बोलले. १३ जुलै २००९ला ते गेले.

आता या दिवाळी अंकाचा विषय. यंदाचा विषय 'निवारा' आणि संपादक निळू फुल्यांवर लिहितोय, हे कसं, असं सहसंपादकांनी विचारलंच. ओढूनताणून सांगतो. सखाराम टाकलेल्या बायकांना छप्पर देतो, पण अटी त्याच्या. हिंदुराव मास्तराला आसरा देतात तोही फुकट नव्हे. निवारा देणाऱ्याला बदल्यात काय हवं असतं, हा प्रश्न मुंबईत प्रत्येक भाडेकरू आणि पुनर्विकासात अडकलेला प्रत्येक जण ओळखतो. त्याला आमच्याच टेकडीवर एक उत्तरही मिळालं होतं. मृणालताई गोरे आणि बाबूराव सामंतांनी कमाल जमीन धारणा कायद्याचा आधार घेऊन, कोर्टकचेऱ्या करून इथे नागरी निवारा उभा केला. सामान्य माणसांची हजारो घरं. ताईंचं आणि निळूभाऊंचं घराणं एकच, समाजवादी. पुरे झालं की नाही? बाकी काम अंकातले लेख करतील.

 

आमच्या सोसायटीच्या सांस्कृतिक समितीला मी पत्र दिलंय. पुढच्या गणपतीत नकला हव्या तितक्या करा, पण एका रात्री मंडपात 'सामना' दाखवा. प्रोजेक्टर आमच्याकडून. अंक छापायला जाईपर्यंत उत्तर आलेलं नाही. चिटणीस लिफ्टमध्ये भेटले तेव्हा 'जरा हलकंफुलकं बघा ना' एवढंच म्हणाले. मी दुसरं पत्र टाकतोय.