चेहरा कोणाला मिळतो?

चित्रकथा म्हणजे मुलांचा फावल्या वेळचा खाऊ, असा समज आपल्याकडे अजून आहे. मी उर्दू आणि मराठी शिकवते. शब्द कसा वाचायचा हे आम्ही शिकवतो, चित्र कसे वाचायचे हे नाही. पण चित्रकथेतली रेघ गोष्ट नुसती सजवत नाही. गोष्टीत माणूस कोण आणि गर्दी कोण, हे ती ठरवते.

मर्जान सात्रापी यांचे ‘पर्सेपोलिस’ पाहा. इराणमधल्या आपल्या बालपणाची ही कथा २००० ते २००३ या काळात फ्रेंचमध्ये चार भागांत आली. सगळी काळ्या-पांढऱ्यात; करड्या छटाही नाहीत. सुरुवातीलाच १९८० सालचा वर्ग दिसतो. शाळेत स्कार्फ सक्तीचा झालेला. सगळ्या मुलींचे कपडे एकसारखे, पण भुवया, डोळे, ओठ प्रत्येकीचे निराळे. पुढे मैदानात त्याच स्कार्फची त्या खेळणी करतात. कापड एक, मुली अनेक, हे सांगायला लेखिकेला भाषण करावे लागत नाही.

युद्धाचा भाग तर विसरता येत नाही. गरीब मुलांना जन्नतची चावी म्हणून प्लास्टिकच्या किल्ल्या देऊन आघाडीवर पाठवले जाते. वरच्या चौकटीत स्फोटात उडालेली ती मुले, खालच्या चौकटीत पार्टीत नाचणारी सुखवस्तू मुले. हातापायांची ठेवण जवळजवळ तीच. वर्गभेदावरचा अख्खा लेख दोन चौकटींत मावतो.

मराठी वाचकाला साध्या रेषेची ताकद नवी नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ पासून आपल्या घरांत आला. चार रेघांतला तो मुलगा प्रत्येकाला आपलाच वाटला.

मग आपल्याकडच्या कितीतरी व्यंगचित्रांत मुसलमान म्हणजे दाढी, टोपी आणि चौकड्याची लुंगी एवढेच का? बाई म्हणजे काळा त्रिकोण आणि दोन डोळे? तिथेही रेषा साधीच असते. पण चिंटूच्या रेषेने जवळीक दिली, ही रेषा माणूस पुसून टाकते.

‘पर्सेपोलिस’ने परद्याची बदनामी केली, असे आपल्यातले काही जण म्हणतील. इराणमध्ये १९३६ साली रझाशाहने परदा जबरदस्तीने उतरवला, क्रांतीनंतर जबरदस्तीने घातला गेला. दोन्ही वेळी बाईला विचारले नाही. सात्रापींची तक्रार त्या न विचारण्याबद्दल आहे, असे मला वाटते. त्यांचे दाढीवाले पहारेकरी मात्र एकाच साच्यातले आहेत. चेहरा कोणाला द्यायचा, हा निर्णय त्यांनीही घेतलाच आहे. वाचकाने तोही तपासावा.

दुसऱ्यांनी काढलेल्या आपल्या चित्रांवर आपण बरेच रागावतो. त्याबरोबर आपल्या मुलामुलींच्या हाती कागद-पेन्सिलही द्यायला हवी. आपल्या मोहल्ल्यातली नानी, रिक्षावाले चाचा, नोकरीला जाणारी आपा कशी दिसते, हे त्यांनी काढून दाखवले नाही, तर दुसरे कोणीतरी काढणारच आहे.