चंडोल आणि झुडपी जमीन

मोमिनपुऱ्यातल्या आमच्या जुन्या घरात दादाजानच्या पलंगाशेजारी पिंजरा टांगलेला असायचा. त्यात चंडोल. पिंजऱ्यावर कायम कापड, कारण हा पक्षी दचकला की सरळ वर झेपावतो आणि डोकं फोडून घेतो. फज्रची नमाज झाली की दादाजान कापड जरासं सरकवायचे, मग तो गायचा. गल्लीतले लोक ऐकायला थांबत.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हळूहळू पिंजरे गेले. बरं झालं. जुना शौक बुडाला म्हणून हळहळणारे आजही भेटतात. मी त्यांच्यातला नाही.

मोकळा चंडोल मात्र मी चाळिशीत पाहिला, हिंगण्याकडच्या बरडावर. मातीच्याच रंगाचा, ढेकळाआड दबून बसलेला. पाऊल अगदी जवळ पडलं तेव्हा उडाला. घरटंही जमिनीवरच, दगडाच्या नाहीतर गवताच्या आडोशाला. गायला तेवढा उंच आकाशात जातो. नागपूर काही वाळवंट नाही, वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण त्याला उघडी, मुरमाड, खुरट्या झुडपांची जमीन लागते. दाट झाडी त्याच्या कामाची नाही.

अशा जमिनीला आपल्या पूर्व विदर्भात महसुली नावच आहे, झुडपी जंगल. नागपूरसह सहा जिल्ह्यांत ती पसरलेली. नाव जंगल, वागणूक पडीक जमिनीची. तिथे शाळा झाल्या, कचेऱ्या झाल्या, कब्रस्तानं झाली, गोरगरिबांची घरं झाली. 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनच असल्याचं सांगितलं आणि 12 डिसेंबर 1996 पूर्वीच्या वाटपांना मार्ग काढून दिला. घर असलेल्याला बेघर करू नये, हे मलाही पटतं.

माझी भीती वेगळी आहे. वन म्हटलं की आपल्याकडे खड्डे खणतात, रोपं लावतात, फोटो काढतात. बरडावर रांगेने झाडं लावली की चंडोल तिथून उठलाच म्हणून समजा. आपल्या मोहल्ल्यांतल्या तंजीमाही वृक्षारोपण करतात, नेकीच्या भावनेने. ते रस्त्याकडेला करा, शाळेच्या आवारात करा, ओसाड पडलेल्या कब्रस्तानात करा. झुडपी जमीन झुडपीच राहू द्या.

हे लिहिणाऱ्याच्या नावावरही त्या बाजूला दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट आहे. कागद रीतसर आहेत, झुडपीचा एक तुकडाही त्यात नाही. बांधकाम अजून सुरू केलेलं नाही. मार्चमध्ये कुंपणाचं माप घ्यायला गेलो, तर कोपऱ्यातल्या दगडाजवळून एक चंडोल उडाला. मिस्त्रीला म्हटलं, पावसाळ्यानंतर बघू.